लिफ्टमधून उतरलात, ते बरंच केलंत

पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या राजेंद्रनगर भागातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४८, घर मल्टीच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या, पाचव्या मजल्यावर. महिन्याभरापूर्वी रात्री साडेनऊला त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि मागोमाग एक अनोळखी माणूस आत आला. त्यानं कुठलंच बटण दाबलं नाही, "आपका कौन सा फ्लोर है?" असं विचारलं आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. ताईंच्या पोटात गोळा आला. "भाजीची पिशवी गाडीवरच राहिली" असं पुटपुटत त्यांनी दोनचं बटण दाबलं आणि दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. घरी सांगितलं तर यजमान हसले. कुणाचा तरी पाहुणा असेल म्हणाले. तेव्हापासून ताई रात्री फोनवर चाकूहल्ल्यांचे सीसीटीव्ही व्हिडिओ बघत बसतात. मागच्या आठवड्यात हेल्मेट घातलेल्या डिलिव्हरीवाल्या मुलाला बघून हातपाय कापले, दार उघडलंच नाही. सकाळचं फिरणं बंद आहे. वीस वर्षांची मुलगी भंवरकुआंच्या लायब्ररीत अभ्यास करून साडेनऊला यायची, तिला आता सातच्या आत घरी यायची ताकीद दिली आहे, त्यावरून रोज वाद होतात. त्या विचारतात, "माझं मन मला खरंच इशारे देतंय, की मी भित्री झालेय? कराटे लावू का? पर्समध्ये चाकू ठेवू का?"

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रसंग आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच नाव दिलं आहे. लिफ्टमध्ये जे झालं ते आणि दारात डिलिव्हरीवाला आल्यावर जे झालं ते, या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी लिफ्टबद्दल बोलू.

त्या माणसानं काय काय केलं, ते तुम्हीच लिहिलं आहे. लिफ्टमध्ये शिरणारा माणूस सवयीनं आपला मजला दाबतो, यानं दाबला नाही. स्वतःचा मजला न सांगता तुमचा विचारला. आणि उभा राहिला तो तुमच्या आणि दाराच्या मध्ये. या तिन्ही गोष्टी तुम्ही मोजल्या नव्हत्या, पण रोज लिफ्टनं जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात 'लिफ्टमध्ये लोक कसे वागतात' याचं एक चित्र पक्कं असतं. त्यात न बसणारं काही दिसलं की शब्द सुचायच्या आधी शरीर बोलतं. पोटात गोळा येतो, मानेवर काटा येतो, हसू उगाच ताणलं जातं. यात दैवी काही नाही, हिशोब फक्त आपल्या नकळत झालेला असतो. म्हणून यजमानांनी "पुरावा काय?" म्हटल्यावर तुमच्याकडे उत्तर नव्हतं.

तो पाहुणाच असेलही. पण तुम्हाला त्याच्यावर खटला चालवायचा नव्हता, फक्त लिफ्ट बदलायची होती. अंदाज चुकला असता तर तीन मजल्यांचे जिने चढावे लागले असते, एवढंच. अंदाज बरोबर असता आणि तुम्ही भिडेखातर उभ्या राहिल्या असता, तर त्याची किंमत सांगता येत नाही. इतका स्वस्त सौदा असताना खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं.

पुढच्या वेळेसाठी थोडी सुधारणा सुचवते. लिफ्टमध्ये शिरायच्या आधीच शंका आली तर शिरूच नका, "आप जाइए" म्हणून फोन कानाला लावा. आत असाल तर बटणांच्या पाटीशेजारी, बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. आपला मजला सांगू नका, सर्वांत जवळचा दाबा. उतरल्यावर तो मागे उतरला तर रिकाम्या जिन्याकडे न वळता समोरच्या फ्लॅटची घंटी वाजवा, दार उघडेपर्यंत वाजवत राहा. आणि भाजीच्या पिशवीची थाप मारलीत, त्यात काही वाईट नाही. अशा वेळी खोटं बोलायची पूर्ण मुभा आहे.

खरा अडथळा भीती नसून भीड हा आहे. आपल्याकडे मुलींना आणि बायकांना लहानपणापासून शिकवलं जातं, की समोरच्याला वाईट वाटेल असं वागू नये. पत्ता विचारणाऱ्यापासून दोन पावलं मागे सरणं उद्धटपणा वाटतो. रिक्षात बसल्यावर मन खाऊ लागलं तरी मध्येच "रोक दो" म्हणायला जीभ रेटत नाही. इशारा बहुतेकांना मिळतो, पण त्याच्या आणि पायांच्या मध्ये ही भीड उभी असते. धोका निघालाच नाही तर समोरच्याला फार तर आपण तुटक वाटू, आणि वाटू द्यावं.

आता त्या व्हिडिओंबद्दल. "माणूस शांतपणे चालत होता आणि अचानक हल्ला झाला" असं तुम्ही लिहिता. व्हिडिओ फिरवणारा तो तीस सेकंदांचा करतो आणि सुरुवातच हल्ल्यापासून करतो. हल्लेखोर आधी दोनदा तिथून गेला होता का, समोरच्या टपरीआड उभा होता का, हे कापलेल्या भागात राहतं. रोज रात्री असे पाच व्हिडिओ बघितले, की हल्ला आभाळातून पडतो अशी समजूत पक्की होते आणि मग सगळं जगच संशयास्पद दिसू लागतं. काही हल्ले खरोखरच पूर्वसूचनेशिवाय होतात आणि तिथं बळी पडलेल्याला "लक्ष कुठे होतं?" विचारणं क्रूरपणा आहे. दोष हल्ला करणाऱ्याचाच. पण अनेकदा काही सेकंद तरी हातात असतात.

त्या सेकंदांत बघायचं काय? चेहरा आणि कपडे सोडा, हात बघा. इजा हातांनी होते. एक हात सतत खिशात, शर्टाखाली किंवा पाठीमागे आहे का? तो माणूस तुमच्यापेक्षा आजूबाजूलाच जास्त बघतोय का, म्हणजे कोण बघतंय हे तपासतोय का? तुम्ही वेग वाढवला की तोही वाढवतो का? दोघे-तिघे एकत्र उभे होते आणि तुम्ही जवळ येताच पांगले, एक पुढे, एक मागे, असं झालं का? एखादी गोष्ट एकटी दिसली तर तिला फारसा अर्थ नसतो. दोन जुळल्या की जागा बदला. शंका तपासायची सोपी रीत म्हणजे रस्ता ओलांडा. तोही ओलांडून आला तर परत मूळ बाजूला या. तिसऱ्यांदाही तो मागे असेल तर योगायोग संपला, उघड्या दुकानात शिरा. घरी जाऊ नका, घर दाखवायचं नाही.

अंतराचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी लिहून ठेवलं, की धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात धावत कापतो. २१ फूट म्हणजे साधारण दोन खोल्यांची लांबी. तेवढ्या वेळात पर्सची चेनसुद्धा उघडत नाही. म्हणून अनोळखी माणूस बोलायला जवळ येऊ लागला, की उत्तर द्यायच्या आधी मागे सरा आणि मध्ये काहीतरी येऊ द्या: उभी स्कूटर, बाकडं, कार. कारभोवती गोल फिरणाऱ्या माणसाला पकडणं भल्याभल्यांना जमत नाही.

दिवसभर डोळ्यांत तेल घालून राहायची गरज नाही, ते कुणाला झेपतही नाही. लक्ष द्यायच्या जागा मोजक्या आहेत, जिथं आपण थांबतो, वाकतो किंवा काहीतरी शोधतो. डिक्की उघडताना, गेटचं कुलूप काढताना, एटीएममधून बाहेर पडताना, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, मॅजिक (छोटी प्रवासी व्हॅन) किंवा ई-रिक्षातून उतरून पैसे देताना. या जागी पोहोचायच्या आधी किल्ली हातात, फोन खिशात आणि मान वर. दहा सेकंद पुरतात. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकराला गर्दीत तुम्ही सुरक्षित असता, पण तिथून राजवाड्याच्या गल्लीत लावलेल्या गाडीपर्यंतची दोनशे पावलं लक्ष देऊन चालायची असतात.

सकाळचं फिरणं पुन्हा सुरू करा. रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे वाहनं समोरून येतील. साखळी ओढणारे बहुतेक मागून, दुचाकीवरून येतात. मंगळसूत्र ओढणीखाली ठेवा आणि ओढलंच तर सोडून द्या. धरून ठेवण्याच्या नादात माणूस फरपटत जातो आणि गळ्याला, डोक्याला मार बसतो.

प्रत्यक्ष प्रसंगात पहिल्यांदा काय होतं, ते माहीत असू द्या, म्हणजे तेव्हा स्वतःचाच धक्का बसणार नाही. पाय खिळतात. कान बंद झाल्यासारखे होतात, नजर एका ठिकाणी अडकते, बोटं थरथरतात. हा भित्रेपणा नाही, शरीराची रीत आहे. त्यातून सुटायला जोरानं श्वास बाहेर सोडा आणि एक पाऊल हलवा, कुठल्याही दिशेला. पहिलं पाऊल पडलं की दुसरं पडतं. बोटं थरथरत असताना फोनचं लॉक उघडत नाही. भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनना संकटाचं बटण असणं बंधनकारक आहे. बहुतेक स्मार्टफोनवर बाजूचं पॉवर बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबायचं असतं. तुमच्या फोनमध्ये ते कितीदा आणि चालू आहे का, हे आजच सेटिंगमध्ये बघा. साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरायचं. मदतीचा क्रमांक ११२.

ओरडायचं ते हिंदीत, आणि वाक्य आधीच ठरवलेलं हवं. घरात मराठी असली तरी इंदूरच्या रस्त्यावर "अहो, सोडा मला" कुणाला कळेल याचा भरवसा नाही. "पीछे हटो!" आणि लगेच "मैं इसको नहीं जानती!" हे दुसरं वाक्य फार मोलाचं आहे. १९७६ साली अमेरिकेत शॉटलँड आणि स्ट्रॉ या संशोधकांनी एक बनावट झटापट उभी केली. बाई "मी तुला ओळखत नाही" असं ओरडली तेव्हा बघणाऱ्यांपैकी ६५ टक्के मध्ये पडले. तीच बाई "तुझ्याशी लग्न का केलं कोण जाणे" असं ओरडली तेव्हा फक्त १९ टक्के. घरचं भांडण म्हटलं की आपल्याकडेही लोक नजर वळवतात. मदत मागताना गर्दीला मागू नका, एका माणसाला मागा: "नीली शर्ट वाले भैया, ११२ लगाओ।" ही वाक्यं स्वयंपाकघरात, पंखा चालू असताना, एकदा मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्या वेळी आवाज घशातच अडकतो. तो घरात अडकलेला बरा.

पैसे किंवा पर्स मागितली तर पर्स एका बाजूला लांब फेका आणि उलट दिशेला पळा. "चुपचाप गाडीत बस" म्हणाला तर मात्र ऐकायचं नाही. ज्या जागी तो तुम्हाला नेऊ बघतो, ती त्यानं त्याच्या सोयीनं निवडलेली असते. तिथं जाण्यापेक्षा रस्त्यावरच आरडाओरडा, धडपड, पडणं, काहीही परवडलं.

पर्समधल्या चाकूचा विचार सोडा. पात्यावर आपलाच हात घसरतो आणि हिसकावला गेला तर तो समोरच्याच्या हातात जातो. मिरचीचा स्प्रे त्याहून बरा, पण त्याच्या मर्यादा आहेत. साधारण दोन-तीन मीटरपर्यंत पोहोचतो, वारा समोरून असेल तर आपल्याच डोळ्यांत येतो, लिफ्टसारख्या बंद जागेत दोघांनाही लागतो. डब्यावरची मुदत बघा. एकदा मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून क्षणभर फवारून बघा. आणि तो पर्सच्या तळाशी, रुमाल आणि औषधांच्या पट्ट्यांखाली असेल तर नसल्यासारखाच.

कराटे जरूर लावा, पण व्यायाम, तोल आणि आवाज यांसाठी. तीन महिन्यांच्या क्लासनं चाकू हिसकावता येत नाही. शिकवणारा पहिल्याच आठवड्यात तसं दाखवू लागला तर दुसरा क्लास शोधा. मनगट सोडवून पळणं, पडून पुन्हा उठणं आणि ओरडणं यांचा सराव जो घेतो, तो चांगला.

कुणाला वार झालाच, तर हे प्रत्येक घरात माहीत हवं. मोठ्या रक्तवाहिनीतून रक्त वाहत असेल तर हातात काही मिनिटंच असतात. ओढणी, टॉवेल, जे स्वच्छ असेल त्याची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचं वजन टाकून दाबा. थांबलं का हे बघायला उचलू नका, उचललं की धरू लागलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हात किंवा पाय असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा, तिच्यात काठी अडकवून पिळत घट्ट आवळा आणि वेळ लिहून ठेवा. दोरी किंवा बुटाची नाडी वापरू नका, अरुंद असल्यानं ती नुसती कातडी कापते. चाकू आत असेल तर काढायचा नाही, त्यानंच भोक बुजलेलं असू शकतं. हळद, कॉफी काही भरू नका. १०८ ला फोन करा. स्वतःवर हल्ला झाला असेल तर सुटल्यावर सगळ्या अंगावरून हात फिरवून ओल लागते का बघा, कारण त्या क्षणी वार जाणवत नाही.

आता तो डिलिव्हरीवाला मुलगा. त्यानं काय केलं होतं? घंटी वाजवली, पिशवी पुढे धरली, हेल्मेट घातलं होतं. म्हणजे डिलिव्हरीवाले जे करतात तेच. इथं इशारा समोरून आला नाही, तो आदल्या रात्रीच्या व्हिडिओंतून आला. दोन्हींतला फरक ओळखायची एक खूण आहे. अंतर्मनाचा इशारा एका माणसाला, एका जागेला, त्या क्षणाला चिकटलेला असतो आणि तिथून निघालं की ओसरतो. चिंता आपल्यासोबत घरी येते, पांघरुणात शिरते, आज लिफ्ट तर उद्या दूधवाला असे विषय बदलते. आणखी एक कसोटी स्वतःला लावा, थोडी अवघड आहे. 'त्यानं काय केलं?' याचं उत्तर क्रियापदात आलं तर इशारा: विचारलं, अडवलं, मागे आला. ते उत्तर विशेषणात आलं, कळकट, काळा, अमक्या वस्तीतला, तमक्या धर्माचा, तर तो बहुधा आपला पूर्वग्रह. असा पूर्वग्रह अन्याय करतोच, शिवाय फसवतो. आपण कळकट शर्टावर नजर ठेवून बसतो आणि इस्त्रीच्या शर्टाला दार उघडतो.

व्हिडिओ आजपासून बंद. झोप दोन आठवड्यांहून जास्त उडालेली असेल, छातीत धडधड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोला. तो सरकारी आहे, मोफत आहे.

मुलीबद्दल तुमचा हिशोब मला पटत नाही. सातच्या आत घरी आल्यानं धोका टळतो, हे गृहीत धरलंत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसते: बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. घड्याळ लावून तो धोका कमी होत नाही. उलट, ज्या मुलीला घरी बोलणी खावी लागतात ती लायब्ररीत नोट्सच्या निमित्तानं मागे लागणाऱ्या मुलाबद्दल घरी सांगत नाही. तिला हे शिकवा: नकार एकदाच, स्पष्ट, लेखी द्यायचा आणि पुढे एकाही मेसेजला उत्तर नाही. तिसाव्या मेसेजला वैतागून "प्लीज नको ना" लिहिलं, तर त्याला एवढंच कळतं की तीस मेसेज पाठवले की उत्तर मिळतं. स्क्रीनशॉट ठेवायचे. नकारानंतरही पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

स्वसंरक्षणाबद्दलही तिला माहीत असावं. हा हक्क त्याच संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि इजा होईल अशी रास्त भीती वाटली की तो सुरू होतो, पहिला फटका बसेपर्यंत थांबावं लागत नाही. मात्र गरजेपुरताच. तो पळू लागल्यावर गाठून मारलं तर ते संरक्षण राहत नाही.

घरात एक सांकेतिक वाक्य ठरवा, अगदी रोजच्या बोलण्यातलं. "आजीचं औषध आणायचंय का?" असा तिचा फोन आला की अर्थ एकच: मी अडकलेय, मला न्यायला या. यजमानांकडून कबुली घ्या, की त्या रात्री गाडीवर एकही प्रश्न विचारला जाणार नाही. कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, ते दुसऱ्या दिवशी पोहे खाताना. एकदा जरी रस्त्यात ओरडा बसला तरी ते वाक्य पुन्हा कधी ऐकू येणार नाही.

आणि या आठवड्यात एका रात्री नऊला तुम्ही स्वतः भंवरकुआंला जा. लायब्ररीपासून ती गाडी पकडते तिथपर्यंत दोघी चाला. कुठलं मेडिकल साडेनऊलाही उघडं असतं, कुठल्या खांबावरचा दिवा गेलाय, कुठल्या हॉस्टेलचा चौकीदार खुर्ची टाकून बाहेर बसतो, ते बघा. तिला पुढे चालू द्या, तुम्ही दहा पावलं मागे राहा. घरी आल्यावर तिला विचारा, वाटेत काय काय दिसलं. तुमच्या नजरेतून सुटलेलं बरंच ती सांगेल.